हातांना विद्या हवी

दहावीचे निकाल लागले की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घराघरांत दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो : मुलाने पुढे काय करावयाचे? ज्यांच्या पाठीशी पैसा आहे ते पुण्या-कोल्हापूरच्या महाविद्यालयांकडे वळतात. ज्यांच्या पाठीशी तो नाही, त्यांची मुले ओळखीच्या कोणाचा तरी हात धरून उद्यमबागेतील एखाद्या फौंड्रीत शिरतात आणि मिस्त्री दाखवील तेवढे काम शिकतात. आमच्या सभांतून आणि ठरावांतून या मुलांचा उल्लेख क्वचितच होतो. आज आम्ही त्यांच्याविषयीच लिहीत आहो.

कारागिरी ही या शहराची जुनी पुंजी आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात आले, सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याच्या यंत्रापर्यंत आणि लोखंडी नांगरापर्यंत पोहोचले. पुढे कारखान्याची जागा शहराच्या विस्तारयोजनेत गेली आणि 1910 साली त्यांना औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवावी लागली. जे गाव कर्त्या हातांना जागा देत नाही, त्या गावातून ते हात निघून जातात, हा धडा बेळगावने तेव्हाच घ्यावयास हवा होता.

आज तो धडा नव्या रूपाने पुढे आला आहे. येथील फौंड्र्यांत मोटारींच्या इंजिनाचे भाग, पंपांची आणि व्हॉल्व्हची ओतीव कामे होतात. विजेवर चालणाऱ्या गाडीला ना सिलिंडर ब्लॉक लागतो, ना क्रँकशाफ्ट. पंप आणि व्हॉल्व्ह राहतील. पण ज्याला केवळ एकाच प्रकारचा साचा भरता येतो, त्याने उद्या काय करावे? लेथच्या जागी संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे आली. हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे भाग घडतात. तेथे मोजमाप मायक्रॉनमध्ये होते. तेथे हाताची सवय पुरत नाही. ड्रॉइंग वाचावे लागते, गणित करावे लागते. घरात बापाकडून मुलाकडे आलेली विद्या यंत्र बदलताच कशी अपुरी पडते, हे शहापूर-वडगावच्या विणकरांनी हातमाग जाऊन यंत्रमाग आले तेव्हा भोगले आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. कारागीर प्रशिक्षणाची योजना 1950 पासूनची, उमेदवारीचा कायदा 1961 चा. कर्नाटकात 150 औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे आधुनिकीकरण होऊन 2022 साली त्यांचे लोकार्पणही झाले. पण यंत्रे आली म्हणजे विद्या आली, असे नव्हे. 2019 च्या नियमांनी उमेदवार घेण्याची सक्ती 30 वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर केली. 4 ते 29 कामगारांच्या कारखान्यांस ती ऐच्छिक ठेवली. सीमाभागातील गरीब मुलगा बहुधा ज्या लहान कारखान्याच्या दारात उभा राहतो, तेथेच कायद्याचा हात पोहोचत नाही.

दुसरी अडचण भाषेची. घटनेच्या 350-अ कलमाने मातृभाषेतून शिक्षणाची सोय सांगितली, ती प्राथमिक अवस्थेपुरती. मराठी शाळेतून आलेला मुलगा प्रशिक्षण संस्थेत पाऊल ठेवतो तेव्हा सूत्रे इंग्रजीत आणि समजावणे कन्नडमध्ये, अशा दुहेरी भिंतीशी त्याची गाठ पडते. कन्नड शिकण्यास आमचा विरोध कधीच नव्हता. ती शिकावी, इंग्रजीही शिकावी. परंतु भट्टीसमोर उभ्या असलेल्या मुलाला सुरक्षेचा नियम कळला नाही, तर त्याची किंमत हाताने, प्रसंगी प्राणाने मोजावी लागते. ज्ञान समजेल अशा भाषेत मिळणे, हा मागणाऱ्याचा हट्ट नव्हे.

कोणी म्हणेल, आधी सीमाप्रश्न सुटू द्या, मग हे सारे आपोआप होईल. या मताचा आम्ही आदर करतो, पण ते आम्हांस मान्य नाही. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो 2004 साली. त्या वर्षी जन्मलेले मूल आज कमावण्याच्या वयाचे झाले आहे. न्यायालयाचा निर्णय थांबू शकतो. मुलाचे वय थांबत नाही. 1956 च्या जानेवारीत ज्यांनी गोळ्या झेलल्या, ते महाराष्ट्रात जाण्यासाठी लढले. आपली नातवंडे अकुशल मजूर म्हणून तेथे जावीत, यासाठी खचित नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या आहेत. कर्नाटक सरकारने सीमाभागातील प्रशिक्षण संस्थांत मराठी जाणणारे निदेशक नेमावेत आणि विविध व्यवसायांची मराठी पुस्तके ग्रंथालयांत ठेवावीत. महाराष्ट्र सरकारने सीमाबांधवांविषयीचा जिव्हाळा भाषणांत न ठेवता आपल्या प्रशिक्षण संस्थांची दारे आणि शिष्यवृत्त्या या मुलांस खुल्या कराव्यात. उद्यमबागेतील मराठी कारखानदारांनी, कायदा सांगत नसला तरी, प्रत्येकी निदान एक उमेदवार रीतसर नोंदवून घ्यावा; विद्यावेतनाचा काही भाग सरकारकडून मिळण्याची सोय 2016 च्या योजनेने झाली आहे. आणि आमच्या गल्लोगल्लीच्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतील थोडा वाटा राखून सायंकाळी ड्रॉइंग वाचनाचा आणि मोजमापाचा वर्ग चालवावा. निवृत्त फिटर, टर्नर आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना बोलावणे एवढेच काम आहे.

यांतील शेवटच्या दोन गोष्टींसाठी कोणत्याही सरकारच्या आज्ञेची वाट पाहावयास नको. हक्कासाठी लढणाऱ्या समाजाने आपली मुले दुबळी ठेवून लढू नये. ज्याच्या हाताला विद्या आहे, तो मोर्चातही ताठ मानेने चालतो. मग निकाल केव्हाही लागो.