कळलावीला दारात थारा द्यावा काय?

गौरींचे आवाहन जवळ आले की कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावून घेण्याच्या गर्दीतून एखादी भगिनी हमखास पुढे येते आणि हलक्या आवाजात विचारते, "बुवा, कुंपणावर कळलावी उगवली आहे. सासूबाई म्हणतात, उपटून टाक, घरात भांडणे लागतील. काय करू?" यंदाही हा प्रश्न आला आणि आम्ही तेच उत्तर दिले. उपटू नका. तिचे भय अवश्य बाळगा, पण ते योग्य कारणासाठी.

भांडणाचा आळ केवळ नावामुळे आला आहे. मराठीत 'कळ' म्हणजे भांडणाची चिथावणी, तशीच प्रसूतीची वेदनाही. आमच्या मते नाव या दुसऱ्या कळेवरून पडले. संस्कृत निघंटूंत हिला 'गर्भनुत्' म्हटले आहे, ते उगाच नव्हे. तेथेच 'कलिहारी' हेही नाव आहे. शब्द फोडायचाच तर त्याचा अर्थ कलह हरण करणारी असा होईल! सासूबाईंना हे अवश्य सांगावे. तमिळनाडूने तर या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे.

ओळखण्यास ही वेल सोपी. पानाचे टोक लांबत जाऊन स्प्रिंगप्रमाणे वळते आणि त्याच तणाव्याने ती कुंपण धरते. फुलाच्या सहा पाकळ्या नागमोडी काठांच्या व मागे उलटलेल्या. आरंभी हिरवट-पिवळ्या, पुढे खालून पिवळ्या व वर लालभडक. म्हणून 'अग्निशिखा'. जमिनीतील कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून 'लांगली'. कोकणात याच फुलांना 'गौरीचे हात' म्हणतात. ज्याने हे नाव ठेवले, तो कवीच असला पाहिजे.

आता भयाचे कारण. या वेलीच्या सर्वांगात, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन नावाचे जहाल विष आहे. आयुर्वेदाने हिची गणना उपविषांत केली आहे. कंद रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत, आणि आपल्या घरांत तर उपवासाच्या निमित्ताने कंदांचा वावर नित्याचा! कळलावीचा कंद स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधीही आणू नये. लक्षणे कित्येकदा काही तासांनी दिसतात. म्हणून उलटीची वाट न पाहता, वेलीचा तुकडा सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. अडलेल्या बाळंतिणीला हिचे मूळ उगाळून लावण्याची चाल आजही कोठे उरली असेल, तर ती सोडावी, असे आम्ही जुन्या ग्रंथांचा आदर राखूनच म्हणतो.

लावायचीच असेल तर मुलांच्या व गुराढोरांच्या वाटेपासून दूर लावावी. पावसाच्या तोंडाशी, निचऱ्याच्या भुसभुशीत जमिनीत कंद आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती ओढावी. हातात मोजे असावेत. कंदाच्या टोकाशी कोंब असतो. तो मोडला तर पुढचे सारे व्यर्थ. पाऊस सरल्यावर वेल वाळते. ती मेलेली नसते, कंद निजलेला असतो. आम्ही पहिल्या वर्षी हे न जाणता हिवाळाभर तुळशीबरोबर तिलाही पाणी घालीत राहिलो आणि ज्येष्ठात उकरून पाहिले तो नुसता चिखल. पंडिताचे पांडित्य मातीपुढे असे उघडे पडते! आता कार्तिकानंतर तिकडे तांब्या नेतच नाही.

आणखी एक. गौरीसाठी रानातून सबंध वेल कंदासकट उपटून आणणारे आम्ही पाहतो. औषधासाठी होणाऱ्या उपशाने ती आधीच विरळ झाली आहे. गौरीला फूल हवे, कंद नव्हे. कात्रीने फुलेच तेवढी खुडावीत आणि हात धुवावेत. विसर्जनानंतर ते निर्माल्य गाईच्या तोंडी लागेल असे टाकू नये. परसात खड्डा करून पुरावे.