हाडांच्या सूपचे हॉट चॉकलेट

घरात कोणाचे हाड मोडले, कोणी लांबलेल्या तापातून उठले किंवा बाळंतीण फार थकलेली दिसली, की मांसाहारी घरांत पहिला सल्ला ठरलेला असतो. 'पायाचे सूप द्या, अंगात ताकद येईल.' कोल्हापूरकडे मसाला घालण्यापूर्वीचे मटणाचे अळणी पाणी मुलांना आणि आजाऱ्यांना आवर्जून पाजतात. हैदराबादेत नहारी आणि पाया ही सकाळची न्याहारी आहे. काश्मीरमध्ये तर मटण दुधात शिजवून 'आब गोश्त' करतात.

आपल्याकडची ही जुनी समजूत अमेरिकेत मात्र नवी फॅशन म्हणून आली. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये मार्को कॅनोरा या शेफने 'ब्रोडो' नावाची एक खिडकी उघडून हाडांचे गरम सूप चहा-कॉफीसारखे कपातून विकायला सुरुवात केली. अशा सूपमध्ये कोको आणि दूध घालून हॉट चॉकलेटही केले जाऊ लागले. ऐकायला विचित्र वाटले तरी ते चवीला चांगले लागते आणि आपल्या स्वयंपाकघरात सहज करता येते. त्याची कृती पुढे दिली आहेच. पण त्याआधी या कपातून शरीराला नेमके काय मिळते, हे समजून घेतले पाहिजे. कारण घरातल्या आजाऱ्याची ताकद भरून येणे त्यावर अवलंबून असते.

हाडे मऊ करणारे यंत्र

आपल्या ओट्यावरच्या प्रेशर कुकरचा जन्मच मुळी हाडांसाठी झाला आहे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक बंद भांडे सादर केले. त्यात वाफेच्या दाबाने टणक हाडेही मऊ होत. १६८१ साली त्याने या यंत्रावर पुस्तक लिहिले. फेकून दिल्या जाणाऱ्या हाडांतून गरिबांना स्वस्त अन्न मिळावे, ही त्यामागची कल्पना होती.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हाडांतून जिलेटीन काढून त्याचे सूप रुग्णालयांत आणि गोरगरिबांना देण्याचा पुरस्कार केला. परंतु या सूपने खरोखर पोषण होते का, अशी शंका लवकरच येऊ लागली. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यासाठी समिती नेमली. फ्रांस्वा माजांदी यांच्या नेतृत्वाखालील या समितीने १८४१ साली अहवाल दिला. निव्वळ जिलेटीनवर ठेवलेली कुत्री खंगत जातात, असे प्रयोगांत दिसून आले होते.

याचे कारण पुढच्या शतकात स्पष्ट झाले. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. ट्रिप्टोफॅन हे त्यांपैकी एक. फ्रेडरिक हॉपकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते १९०१ साली वेगळे करून दाखवले. हाडे, कातडी आणि सांध्यांतील कूर्चा शिजवून जे जिलेटीन मिळते, त्यात नेमके हेच ट्रिप्टोफॅन नसते. म्हणून जिलेटीन हे अपुरे प्रथिन आहे. दूध, अंडी, मासे किंवा डाळ-भात सोबत असेल, तरच त्याचा पुरेपूर उपयोग होतो.

कॅल्शियमचा गैरसमज

'हाडासाठी हाड' हा हिशेब वरवर पटतो. पण हाडातले कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात बांधलेले असते आणि ते पाण्यात विरघळत नाही. थोडे व्हिनेगर किंवा लिंबू पिळले तर काही अंश सुटतो, तरीही वाटीभर सूपमध्ये दिवसाच्या गरजेच्या मानाने फार थोडेच कॅल्शियम उतरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. २०० मिलिलिटर दुधातून त्यातले सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. मांदेलीसारखी काट्यासकट चावून खाता येणारी मासळी असेल, तर तीही उत्तम. म्हणजे आपल्या या चॉकलेटच्या कपात हाडांना बळ देणारे जे काही आहे, ते मुख्यतः दुधातून येते.

सूपमधले कोलेजनही थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. ते पोटात पचते, त्याचे लहान लहान घटक होतात आणि शरीर ते आपल्या गरजेप्रमाणे वापरते. शरीराला स्वतःचे कोलेजन तयार करायला 'क' जीवनसत्त्व लागते. म्हणून आजाऱ्याच्या ताटात आवळा, पेरू किंवा लिंबाची फोड असू द्या.

खरा धोका कुठे आहे?

सूप वाईट मुळीच नाही. तोंडाला चव नसलेल्या माणसाला ते गरम, हलके आणि हवेसे वाटते. त्यातून पाणी पोटात जाते आणि थोडी प्रथिनेही मिळतात. अडचण होते ती त्यावर विसंबून राहिल्याने. मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या आजीला घरचे प्रेमाने सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वाट्या सूप पाजतात. तिचे पोट भरल्यासारखे होते आणि मग पोळी-भाजी, वरण-भात ती बाजूला सारते. 'सूप घेतलंय ना, पुरे' म्हणून घरचेही आग्रह करत नाहीत. पडून राहिल्याने स्नायू आधीच झिजत असतात, त्यात पुरेशी प्रथिने मिळाली नाहीत तर हाड जुळूनही पायांत उभे राहण्याची ताकद उरत नाही.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सूप किंवा हे चॉकलेट जेवणाच्या तोंडावर देऊ नका. दुपारी चारच्या सुमारास द्या. दुसरी, ते जेवणाऐवजी नव्हे, जेवणाशिवाय वेगळे द्या.

सूपची कृती

बकऱ्याचे ४ पाये खाटकाकडून भाजून, साफ करून आणि तुकडे करून आणा. स्वच्छ धुऊन पाण्यात घाला आणि एक उकळी येऊन दहा मिनिटे झाली की ते फेसाळ पाणी फेकून द्या. यामुळे उग्र वास बराच कमी होतो. नंतर पाये पुन्हा धुऊन ५ लिटरच्या कुकरमध्ये सव्वा लिटर पाणी, दालचिनीचा एक तुकडा आणि २ वेलदोडे घालून ठेवा. कांदा, लसूण, आले, हळद, मीठ काहीही घालू नका. पहिली शिटी झाली की आच मंद करा आणि तासभर शिजू द्या.

सूप गाळून घ्या. पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वर चरबीचा थर जमलेला दिसेल, तो काढून टाका. खाली थरथरणारी जेली असते. जेली घट्ट जमली, तर जिलेटीन चांगले उतरले असे समजा. ही जेली फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते. बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवली तर लागेल तेवढे खडे काढता येतात.

हॉट चॉकलेट

साहित्य (२ कपांसाठी) : दीड कप दूध, अर्धा कप जेली, २ मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर, ४ लहान चमचे साखर, चिमूटभर दालचिनी पूड, कणभर मीठ.

कृती : कोको आणि साखर कोरडीच एकत्र करा. तीन-चार चमचे गरम दूध घालून गुठळ्या न ठेवता घोटून घ्या. पातेल्यात जेली वितळवून दोन मिनिटे खळखळून उकळा. मग दूध ओता. उकळी येऊ लागली की कोकोचे मिश्रण, दालचिनी आणि मीठ घालून रवीने घुसळा. मंद आचेवर तीन मिनिटे ठेवून उतरवा. जिलेटीनमुळे पेय दाट, मुलायम होते आणि कोकोच्या कडसर चवीमागे पायाचा वास दडून जातो.

साखरेऐवजी गूळ हवा असेल तर पातेले खाली उतरवून, थोडे निवल्यावर घाला. उकळत्या दुधात गूळ घातला तर ते फाटू शकते. 'ड्रिंकिंग चॉकलेट' म्हणून मिळणाऱ्या डब्यात बहुधा साखरच अधिक असते, म्हणून साधी कोको पावडर घ्यावी.

एका कपात सुमारे १५० मिलिलिटर दूध, म्हणजे १८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि दुधाची पूर्ण प्रथिने मिळतात. जेलीची प्रथिने त्यात भर घालतात.

ज्या घरात हे चालत नाही

मांस आणि दूध एकत्र घेणे अनेक घरांत निषिद्ध मानतात. चरकसंहितेत मासे आणि दूध हा विरुद्ध आहार सांगितला आहे आणि ती मर्यादा पुष्कळ ठिकाणी मटणालाही लावली जाते. आजाऱ्याच्या मनाविरुद्ध, न सांगता हे पेय पाजू नये. अशांना सूप वेगळे आणि दूध वेगळ्या वेळी द्यावे, गुण तोच येतो.

शाकाहारी घरांत जेलीऐवजी नाचणी वापरा. दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ पाव कप पाण्यात कालवून दीड कप दुधात पाच मिनिटे शिजवा आणि वरीलप्रमाणे कोको घाला. तसाच दाटपणा येतो. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणून हा कप हाडांसाठी पहिल्यापेक्षा थोडा सरसच ठरतो.

कोणी जपून घ्यावे?

युरिक अॅसिड वाढल्याने सांधे दुखत असतील किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर सूप सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर साखर वगळा. एक वर्षाखालील बाळाला हे पेय देऊ नका. कोकोत थोडे कॅफिन असते, त्यामुळे मुलांना रात्री झोपताना देण्याऐवजी शाळेतून आल्यावर अर्धा कप द्यावे.

पाये रोज आणणे परवडत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. त्याच पैशांत येणारे दूध, अंडी आणि मूठभर शेंगदाणे आजाऱ्याला अधिक उपयोगी पडतील. कप कसलाही असो, संध्याकाळी ताटात काय उरले आहे तेवढे मात्र रोज पाहत जा.