हद्दीवरचा आंबा

दिवाळीच्या अंकात झाडे तोडण्याच्या गोष्टी कशाला काढता, असा प्रश्न मला घरातूनच आला. फराळाच्या बशीशेजारी अंक उघडून बसलेल्या वाचकाला काहीतरी खुसखुशीत द्यावे, हे मलाही समजते. पण आमच्या घरी दिवाळी आणि झाड यांची फारकत होत नाही. निदान चाळीस वर्षे आमचा आकाशकंदील आंब्याच्या एका ठरावीक फांदीला लटकत असे. आता तो गच्चीच्या कठड्याला बांधलेल्या बांबूवर असतो. दरवर्षी वसुबारसेला मी तो बांबू बांधतो, शेजारचे नाना भिंतीपलीकडून दोरीचे टोक धरतात, आणि त्या फांदीविषयी आम्ही दोघेही अवाक्षर काढत नाही.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात नदीकाठी असलेले आमच्या वडिलांचे बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसकट वाहून गेले. पुढे पूरग्रस्तांसाठी सहकारनगरात वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा आम्हांला तिथे दोन खोल्या आणि भोवती थोडी मोकळी जागा मिळाली. 1964 च्या पावसाळ्यात वडिलांनी एका रायवळ आंब्याची कोय तिथे पुरली. जागा निवडली ती अगदी हद्दीजवळची, कारण मधली जागा आईला तुळशीवृंदावनासाठी हवी होती. त्या काळी आमच्या आणि नानांच्या घरामध्ये भिंत नव्हती, मेंदीचे कुंपण होते. वीतभर रोप लावताना त्याचा पन्नास वर्षांनंतरचा घेर कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. तसा तो वडिलांच्याही आला नाही. झाड वाढले, मेंदी गेली, विटांची भिंत आली, आणि आंब्याचे खोड त्या भिंतीला जवळजवळ टेकून उभे राहिले. फळ धागेदार, पण लोणच्याला असे की नानांच्या आई, म्हणजे आमच्या काकू, दुसऱ्या झाडाची कैरी चिरायला घेत नसत.

आता माझा भाग सांगतो. 2014 साली आम्ही गच्चीवर सूर्यचूल नव्हे, पाणी तापवण्याचा सौर बंब बसवला. आंब्याची सावली त्यावर पडू लागली. कोयता-कुऱ्हाड घेऊन दारोदार फिरणारा एक माणूस त्याच आठवड्यात आला, हे आमचे दुर्दैव. तासाभरात त्याने आमच्या बाजूच्या तीन मोठ्या फांद्या खोडाशी अगदी सपाट तासून काढल्या आणि जखमांवर डांबर फासले. मला ते काम फार नेटके वाटले. परवानगी वगैरे विचारण्याचे माझ्या मनातही आले नाही. झाड आमचे, फांद्या आमच्या! तीन वर्षांनी पाण्याची जमिनीतली टाकी करायला घेतली. खड्डा खणताना मांडीएवढे मूळ आडवे आले. गवंड्याने कुदळ थांबवून विचारले, "साहेब, काय करू?" मी चहाचा कप हातात धरून म्हणालो, "तोड." चार-पाच घावांत ते तुटले. झाड हलले नाही, पान गळले नाही. मी निर्धास्त झालो.

आमची बाजू बोडकी झाल्यावर साराच डोलारा नानांच्या अंगणावर झुकलेला दिसू लागला. 2018 च्या मे महिन्यात नाना एक टाईप केलेला अर्ज घेऊन आले. "आमच्या बाजूचा भार थोडा हलका करून घेऊ या. महापालिकेत विचारून आलो. झाड तुमच्या हद्दीत, म्हणून सही तुमची हवी म्हणतात. खर्च मी करतो." हा गृहस्थ किती सरळ, ते पाहा. त्यांचा भाचा वकील आहे. त्याने त्यांना सांगितले होते की, इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने लेमन विरुद्ध वेब या खटल्यात निकाल दिला : शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या जागेवर आली तर त्याच्या हद्दीत पाऊल न टाकता ती आपल्या हद्दीपर्यंत छाटता येते, आगाऊ सूचनाही द्यावी लागत नाही. (झाडाच्या भांडणात पक्षकाराचे नाव लेमन असावे, हा योगायोगच!) पुढे 1919 च्या एका खटल्यात असेही ठरले की, अशा फांदीची फळे मात्र झाडाच्या मालकाचीच. म्हणजे इंग्रजी न्यायाने नानांना फांदी छाटता आली असती, पण काकूंचे लोणचे माझ्या मेहेरबानीवर राहिले असते. नानांनी त्या न्यायाचा आधार घेतला नाही. ते रीतसर अर्ज घेऊन माझ्या दारी आले.

आणि मी काय केले? कायदा काढला. महाराष्ट्रात नागरी भागांसाठी 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे, परवानगीवाचून झाड तोडणे हा त्याने गुन्हा ठरवला आहे, हे मी नानांना ऐकवले. वर "वडिलांच्या हातचे झाड" असा गहिवरही काढला. अर्ज "पाहतो" म्हणून टेबलाच्या खणात टाकला. तो तिथे दोन वर्षे पडून होता. सौभाग्यवतींनी एकदा म्हटलेही, "अहो, सही करून टाका की! त्यांच्या अंगणात काकू बसतात." मी म्हणालो, छप्पन्न वर्षांत नाही पडले ते आता पडणार आहे काय?

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर आले आणि त्याचा तडाखा पुण्यापर्यंत पोहोचला. टाळेबंदीचे दिवस, सगळे घरातच. सकाळपासून पाऊस आणि वारा. दुपारी पोत्यातून गहू ओतावे तसा एक लांबलचक आवाज झाला, आणि खिडकीतून जिथे हिरवे दिसायचे तिथे एकाएकी पांढरे आभाळ दिसले. आंबा मुळासकट उपटून, मधली भिंत फोडून नानांच्या अंगणात पसरला होता. मी पायांत चपलाही न घालता धावलो. नाना दारात उभे होते, मागे काकू. आदल्या दिवशी त्याच वेळी त्या तिथे कैऱ्या चिरत बसल्या होत्या. त्यांची वेताची खुर्ची आत घ्यायची राहिली होती. ती फांद्यांखाली अशी दिसत होती, की तिच्यात कोणी बसले असेल ही कल्पना करवत नव्हती. नाना मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्या दिवसांत शहरभर झाडे पडली होती. आमचा नंबर पाचव्या दिवशी लागला. कापणाऱ्या मंडळींबरोबर उद्यान विभागातले एक जाणते गृहस्थ आले होते. त्यांनी उपटलेल्या बुंध्याभोवती एक फेरी मारली आणि टाकीच्या बाजूचे तुटके मूळ बोटाने दाखवले. "हे कोणी तोडले?" त्यांनी मला जे समजावले ते इथे लिहितो, कारण ज्यांच्या अंगणात झाड आहे अशा कोणाच्या तरी उपयोगी पडेल. झाडाचा जेवढा विस्तार वर, तेवढीच मुळे सरळ खाली, ही आपली समजूत चुकीची. बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. तंबूला जसे ताणाचे दोर, तशी खोडाजवळची जाड मुळे. मी नेमका उलट्या बाजूचा दोर कापला होता. वर भार नानांच्या बाजूला, खाली धरून ठेवणारे मूळ माझ्या बाजूला, आणि तेच नाही!

मग त्यांनी 2014 च्या त्या नेटक्या जखमा दाखवल्या. डांबराखाली लाकूड कुजून भुसा झाले होते. फांदी जिथे खोडातून फुटते तिथे एक फुगीर कडे असते. छाटणी त्या कड्याच्या बाहेर हवी. ते शाबूत राहिले तर झाड आपली जखम आपण मिटवते, तासून काढले तर मिटत नाही. डांबर, रंग यांनी काही साधत नाही, उलट ओल आत कोंडते. जड फांदी एका घावात कापायची नाही : आधी खोडापासून हातभर दूर खालून थोडे कापायचे, मग त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे साल सोलवटत खोडावर येत नाही, उरलेले खुंट शेवटी कड्याबाहेर काढायचे. एका वेळी पाव हिस्स्याहून अधिक पाने काढायची नाहीत, एकाच बाजूची तर कधीच नाहीत. शेंडा छाटणे सर्वांत वाईट. तिथे फुटणाऱ्या धुमाऱ्यांना बळकटी नसते, आणि पुढच्या वादळात तेच आधी मोडतात. वाळकी फांदी आणि बांडगूळ मात्र पावसाळ्यापूर्वी उतरवावे. वीजतारेजवळच्या फांदीला घरच्या माणसाने हात लावू नये, वीज कंपनीला कळवावे.

जाताना त्यांनी सहज विचारले, "परवानगी घेतली होती?" मी तोच कायदा पुढे करून म्हणालो, झाड तर मी तोडले नव्हते. ते हसले. ज्या कायद्याने मी नानांना गप्प केले, त्यात झाड तोडणे या शब्दात जाळणे, कापणे आणि कोणत्याही रीतीने इजा करणे, हे सारे येते. टाकीसाठी तोडलेले मूळही त्यात आले. उलट झाड मेलेले, रोगट किंवा जीविताला धोक्याचे असेल तर त्याच कायद्याने परवानगीची वाट मोकळी ठेवली आहे. नानांना तर झाड पाडायचेही नव्हते, नुसते हलके करायचे होते. 2021 साली कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणू लागले. आमचा आंबा तो मान मिळण्याच्या वर्षभर आधीच गेला.

भिंत मी बांधून दिली. नानांनी निम्मे पैसे पुढे केले, ते घेतले नाहीत. वेताची नवी खुर्ची नेऊन ठेवली. काकू तिच्यात बसल्या, पण म्हणाल्या, "ती जुनी बरी होती हो." खणातला तो अर्ज अजून आहे. सही त्यावर मी नंतर केली. का केली ते मला सांगता येणार नाही.

गेल्या पावसाळ्यात नाना एक कलम घेऊन आले. रायवळच, कुठल्यातरी नातेवाइकांकडून आणलेले. काकूंचा हुकूम होता. आम्ही दोघे टेप घेऊन अंगणात उतरलो. मी म्हणालो, भिंतीपासून पंधरा फूट. नाना म्हणाले, मग ते तुमच्या टाकीवर येते. तासभर मोजमापे झाली. अखेर दारातून काकूंचा आवाज आला, "अरे, तुळशीवृंदावन हलवा की! ते काय मुळांनी धरून ठेवलंय?"

वृंदावन हलवले. आमच्या सौभाग्यवती आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या.