सस्पेन्स खात्यातले विश्व

मी मूळचा साताऱ्याचा, बदलीने सांगलीला आलेला. नोकरी बँकेत, विद्या कॉमर्सची. तेव्हा विश्वाच्या उत्पत्तीत नाक खुपसायचा मला अधिकार नाही, हे कबूल. पण परवा एका व्याख्यानात वक्त्याने टेबलावर मूठ आपटून सांगितले, "सगळे विश्व अनंत घनतेच्या एका बिंदूतून निघाले, हे विज्ञानाने सिद्ध केलेय!" पुढच्या रांगेतल्या पोराने विचारले, "आणि त्या बिंदूच्या आधी?" त्याला उत्तर मिळाले, "खाली बस."

तो बसला, आणि माझ्यातला कारकून उठला!

अहो, हिशेबात उत्तर 'अनंत' आले तर आमच्याकडे त्याला सिद्ध होणे म्हणत नाहीत, काहीतरी चुकले म्हणतात. हाताने लेजर लिहायच्या काळात हिशेब टॅली झाला नाही, की आम्ही रात्रीपर्यंत फरक शोधायचो. नाहीच सापडला, तर तो सस्पेन्स खात्यात टाकून घरी जायचो. पण 'साहेब, आज सस्पेन्स नावाची नवी ठेव आली' असे कुणी मॅनेजरला सांगितल्याचे ऐकिवात नाही.

सिंग्युलॅरिटी म्हणजे हेच सस्पेन्स खाते. आइनस्टाइनची १९१५ ची समीकरणे मागे मागे नेली, की घनता अनंत होते. कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी १९५५ मध्ये दिलेल्या समीकरणाचा आधार घेऊन पेनरोज आणि हॉकिंग यांनी १९६५ ते १९७० मध्ये दाखवले, की काही अटी मानल्या तर हे टळत नाही. शाबास! पण सिद्ध झाले ते एवढेच, की समीकरणांची वाट तिथे तुटते. पुढे पुंजसिद्धांत लागतो, आणि त्याचा गुरुत्वाकर्षणाशी संसार अजून जमलेला नाही.

विश्व पूर्वी तापलेले, दाटलेले होते, याला १९६५ मध्ये जाहीर झालेल्या सूक्ष्मलहरींची पावती आहे. बिंदूची पावती कुणाकडे आहे?

आमच्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर हॉइल यांच्यासोबत आरंभबिंदू नाकारत राहिले. त्यांचे १९९३ चे पर्यायी मॉडेल बहुतेकांना पटले नाही. पुराव्याचा कौल विरुद्ध गेला म्हणा. २०२५ मध्ये ते गेले. पण खाली बसले नाहीत.

सांगलीच्या घाटावरून कृष्णेचा माग काढत कऱ्हाड, माहुली, वाई करत महाबळेश्वरला जा. शेवटी दगडी गोमुख लागते. म्हणून कृष्णा दगडातून जन्मली म्हणाल? दगडामागे डोंगर आहे, डोंगरावर पाऊस आहे.

तेव्हा पोरा, ऊठ. पुन्हा विचार.