बालकांच्या ताटातील गोड पेय आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

धान्याच्या घाऊक पेठेत वावरणाऱ्या बंधूंना एक गोष्ट सांगावयास नको. किरकोळ दुकानदाराची चिठ्ठी येते, 'गहू दहा पोती पाठवावा.' प्रत लिहिलेली नसते. अशा वेळी गाडीत कोणती प्रत चढवावयाची हे सर्वस्वी आमच्या हाती असते. म्हणूनच माल हलका निघाला तर दोषही आमच्याच माथी येतो. गिऱ्हाइकाने नाव घेऊन मागितलेल्या मालाची जबाबदारी पुष्कळ अंशी त्याची. न मागता दिलेल्या मालाची जबाबदारी मात्र देणाऱ्याची. बालकांच्या भोजनातील गोड पेयांवर सरकारने नियम घालावेत की नाहीत, या प्रश्नाकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

हा प्रश्न प्रथम अमेरिकेत उपस्थित झाला. तेथील उपाहारगृहांत 'मुलांचे जेवण' म्हणून एक ठरलेला संच मिळतो. खाद्यपदार्थ, पेय आणि कधी एखादे खेळणे, अशा सर्वांची मिळून एकच किंमत असते. त्यातील पेय पूर्वी बहुधा साखरेचे असे. आईबापांनी ते मुद्दाम मागितलेले नसे आणि नको म्हटल्याने पैसेही वाचत नसत. मग 'पैसे तर दिलेच आहेत' अशा विचाराने ते मुलापुढे ठेवले जाई. तेथील कोलाच्या ३५५ मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३९ ग्रॅम, म्हणजे चहाचे जवळजवळ दहा चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये असा सल्ला दिला की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहून कमी असावी. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या बालकाच्या बाबतीत १० टक्के म्हणजे सदतीस-अडतीस ग्रॅम. व्यापाऱ्यास हिशेब समजावून सांगणे नलगे. एका डब्यातच दिवसाचे खाते पूर्ण होऊन वर बाकी निघते.

यावर कॅलिफोर्निया राज्याने २०१८ मध्ये कायदा केला व तो १ जानेवारी २०१९ पासून अमलात आला. मुलांच्या जेवणासोबत आपण होऊन द्यावयाचे पेय म्हणजे पाणी, किंवा गोडी व चव न मिसळलेले दूध अथवा त्याच्या जागी चालणारे तसेच वनस्पतिजन्य पेय, असा त्याचा आशय आहे. गिऱ्हाइकाने मागितल्यास गोड पेय विकण्यास मनाई नाही. प्रथम चुकल्यास केवळ सूचनापत्र. पाच वर्षांच्या आत पुन्हा चुकल्यास २५० डॉलरपर्यंत, आणि त्यापुढे ५०० डॉलरपर्यंत दंड. बाल्टिमोर शहराने २०१८ मध्ये, तर हवाई व डेलावेअर या राज्यांनी २०१९ मध्ये याच धर्तीचे कायदे केले.

याउलट न्यूयॉर्क शहराने २०१२ मध्ये गोड पेयांच्या पेल्याचा आकारच मर्यादित करण्याचा नियम केला होता. आरोग्य मंडळाने आपल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकले, असा निर्णय देऊन त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो रद्द ठरविला. आमच्या मते या दोन उदाहरणांतील भेद मोलाचा आहे. एकात मागणाऱ्याचा हात धरला होता. दुसऱ्यात देणाऱ्याच्या हाताला वळण लावले आहे.

आमच्या बंधूंचे आक्षेप आम्ही जाणतो. पहिला असा की, मुलांना काय पाजावे हे आईबापांनी ठरवावे. हे सर्वथा मान्य. कायद्याने तो अधिकार त्यांच्याकडेच ठेवला आहे. परंतु पुढे आलेली वस्तू परत करणारे थोडे असतात. फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानात मुलांच्या जेवणाबरोबर २००६ पासून आपण होऊन कोला देणे बंद करून दूध, पाणी वा फळांचा रस देण्यास सुरुवात झाली. तेथील विक्रीचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या जेवणाबरोबर जे दिले ते पेय सुमारे ६६ टक्के वेळा तसेच स्वीकारले गेले होते. सक्ती नव्हती, भांडण नव्हते. केवळ मांडणी बदलली.

दुसरा आक्षेप तपासनिसांचा. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली साठ्याच्या मर्यादा व नोंदवह्या यांचा जाच आमच्या धान्य व्यापाऱ्यांइतका कोणी सोसला नसेल. म्हणूनच आम्ही आग्रहाने म्हणतो की, असा नियम झालाच तर तो एका ओळीत समजणारा असावा आणि पहिल्या चुकीस सूचना एवढेच शासन असावे.

तिसरा आक्षेप आपल्या पोटाचा. आमच्या बेळगाव जिल्ह्यात ऊस पिकतो, साखर कारखाने चालतात, आमच्या गादीवरूनही साखरेची पोती जातात. तरीसुद्धा सणाच्या पक्वान्नातील साखर निराळी आणि बालकाने न मागता त्याच्या पोटात गेलेली साखर निराळी. या दुसऱ्या विक्रीवर ज्याचा धंदा उभा असेल, त्याचा पाया कच्चा समजावा.

आपल्या देशातही शासन स्वस्थ बसलेले नाही. शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत अति साखर, मीठ व स्निग्ध असलेले पदार्थ विकू नयेत, असे नियम २०२० मध्ये झाले. गोड वायुमिश्रित पेयांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. परंतु कर मागणाऱ्यालाही लागतो आणि न मागणाऱ्यालाही. आणि शाळेचा नियम उपाहारगृहातील बालकाच्या ताटापर्यंत पोहोचत नाही. तेथे कॅलिफोर्नियासारखा सौम्य नियम झाल्यास त्यास आमचा पाठिंबा राहील.

तथापि नियमाची वाट पाहणे आपणांस शोभत नाही. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत खोटी मापे व भेसळीचा व्यवहार यांच्याच पंक्तीस विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमाचे उल्लंघन, मोजले आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोगाचे परिमाण ठरविण्याचे व्रत आहे आणि ते कोणत्याही सरकारने लादलेले नाही. ज्या समाजाने आपली मर्यादा आपणच आखावी असे शिकविले, त्यास तपासनिसाने येऊन शिकवावे ही नामुष्की आहे.

येथे आमचीही चूक कबूल करतो. गतवर्षीच्या संघाच्या स्नेहभोजनात प्रत्येक मुलाच्या पानाशी गोड पेयाची बाटली पंगत बसण्यापूर्वीच मांडलेली होती. एकाही मुलाने ती मागितली नव्हती. त्या खर्चाच्या कागदावर सही करणाऱ्यांत आम्हीही होतो, आणि त्या दिवशी आम्हांस त्यात काही वावगे वाटले नाही.

म्हणून संघाच्या कार्यकारिणीस आमची विनंती आहे. यंदाच्या स्नेहभोजनापासून मुलांच्या पानाशी गाळून उकळलेले पाणी व ताक ठेवावे. गोड पेय मागणाऱ्यास ते आतून आणून द्यावे. ज्या सभासदांची उपाहारगृहे वा मंगल कार्यालये आहेत, त्यांनीही हीच रीत ठेवावी. खर्च वाढणार नाही, झाला तर कमीच होईल. चिठ्ठीत प्रत लिहिलेली नसताना चांगला गहू पाठवणाऱ्या पेढीची पत पेठेत टिकते. बालकांची चिठ्ठी तर नेहमीच कोरी असते.