घोड्याला परवाना देणाऱ्यांनी त्याच्या अंत्यसंस्काराचीही जबाबदारी घ्यावी





माथेरानच्या घोड्यांवरून आपल्याकडे वाद होतात ते ई-रिक्षा, दरपत्रक आणि रस्त्यावरची लीद यांवरून. घोडा मेल्यावर त्याच्या देहाचे काय करायचे, हा प्रश्न त्या वादात क्वचितच येतो. एका गिरिस्थानावर चारशेहून अधिक परवानाधारक घोडे असतील, तर त्यांतले काही दरवर्षी मरणारच. पोटशूळ, पाय मोडणे, म्हातारपण अशी कारणे नेहमीचीच आहेत. तरीही प्रत्येक मृत्यू जणू अनपेक्षित संकट असल्यासारखा घोडेवाल्याच्या अंगावर पडतो. ज्या दिवशी त्याची रोजची कमाई थांबते, त्याच दिवशी तीनशे-चारशे किलोचा देह हलवायची जबाबदारीही त्याच्यावर येते. माझे म्हणणे असे, की ही त्याची खासगी अडचण मानणे चूक आहे. जी संस्था घोड्याला परवाना देते आणि त्याच्या जोरावर चालणाऱ्या पर्यटनातून कर घेते, तिनेच दहनाची किंवा दफनाची जागा, देह नेण्याचे वाहन आणि प्रशिक्षित माणसे पुरवली पाहिजेत.

ही मागणी काही नवी नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. त्याच्या कलम ३८५ नुसार शहरात मेलेली जनावरे हलवण्याची व्यवस्था करणे हे आयुक्तांचे कर्तव्य आहे. ज्याच्या जागेत जनावर मेले त्याने तीन तासांत, आणि मृत्यू रात्री झाला असल्यास सूर्योदयानंतर तीन तासांत, आरोग्य खात्याला कळवायचे आहे. कळवणे नागरिकाचे काम आणि उचलणे पालिकेचे, ही वाटणी त्या काळच्या कायद्यालाही स्पष्ट होती. आज मात्र नव्या सोयी होतात त्या घरातल्या लाडक्या प्राण्यांसाठी. मुंबई पालिकेने २०२३ मध्ये मालाडला गॅसवर चालणारी दहनव्यवस्था सुरू केली, ती कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांची. ती सोय चांगलीच आहे. पण वरातीत, समुद्रकिनाऱ्यावर आणि डोंगरावर राबणारा घोडा त्या भट्टीत मावत नाही. माणसाच्या चितेला सुमारे तीनशे किलो लाकूड लागते. घोड्यासाठी त्याच्या कितीतरी पट सरण रचावे लागेल. हातावर पोट असलेल्या माणसाला ते परवडणारे नाही.

‘घोडा पुरावा, त्यात काय मोठे’ असे कोणी म्हणेल. स्वतःची शेतजमीन असेल, माती खोल असेल आणि विहीर-ओढा दूर असेल, तर पुरणे हा उत्तम मार्ग आहे. त्याला माझा विरोध नाही. पण वरातीच्या घोड्यांचे बहुतेक मालक शहरात भाड्याच्या जागेत तबेला चालवतात. खड्डा कोणाच्या जमिनीत खणायचा? माथेरानला तर जांभ्या दगडाचा डोंगर, वर पातळ माती, चार महिने कोसळणारा पाऊस आणि उतारांवर राखलेले जंगल. २००३ पासून हा सारा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. उथळ पुरलेल्या देहाचा निचरा पावसाच्या पाण्याबरोबर झऱ्यांत आणि तलावांत जाऊ शकतो. दस्तुरी नाक्यापुढे सर्वसाधारण मोटारींना बंदी असल्याने क्रेन मागवून देह खाली आणणेही सोपे नाही. त्यामुळे जिथे रुग्णवाहिका आणि अग्निशामक वाहन यांना मुभा आहे, तिथे मृत जनावराच्या वाहनालाही नियमात जागा हवी, आणि ती आधीच ठरलेली हवी.

रोगाचा विचार केला तर हे काम टाळता येणारे नाही. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो. २००९ च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोग प्रतिबंध कायद्यात त्याची नोंद आहे, आणि अशा रोगाने मेलेल्या जनावराची विल्हेवाट ठरवून दिलेल्या रीतीनेच लावायची आहे. अँथ्रॅक्सचा संशय असेल तर देह उघडायचाही नसतो, कारण त्याचे बीजाणू मातीत अनेक दशके जिवंत राहतात. घोड्याला वेदनामुक्त मरण देण्यासाठी पेंटोबार्बिटल टोचले असेल, तर ते औषध मांसात उरते आणि तो देह खाणारे कुत्रे, गिधाडे मरतात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांसाठीच. माथेरान ज्या रायगड जिल्ह्यात आहे, तिथेच म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडे वाचवण्यासाठी लोक खपले आहेत. त्याच जिल्ह्यात औषध भरलेला देह उघड्यावर पडणे कसे चालेल?

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मेलेल्या जनावरांचा प्रश्न गावांना इतकी शतके जाणवला नाही, कारण ते काम जातीच्या नावाखाली काही समाजांवर लादलेले होते. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या परिषदेने स्पृश्य हिंदूंना जी आवाहने केली, त्यांत आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत हेही एक होते. २०१६ मध्ये उना येथे दलितांना झालेल्या मारहाणीनंतर गुजरातमधील दलितांनी मेलेली गुरे उचलायला नकार दिला, तेव्हा ही व्यवस्था कोणाच्या खांद्यावर उभी होती ते सगळ्या देशाला दिसले. म्हणून ‘कोणाला तरी बोलवा, तो घेऊन जाईल’ हे उत्तर मला मान्य नाही. यंत्र, हातमोजे, ठरलेला पगार आणि कोणत्याही जातीचा माणूस करू शकेल अशी नोकरी, इतके झाले तरच ही सोय म्हणायची.

‘माणसांच्या स्मशानांत अजून छप्पर नाही, मग घोड्यांचे लाड कशाला’ हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. स्मशानांची दुरवस्था खरी आहे. पण मोठ्या जनावरांची दाहिनी फक्त घोड्यांसाठी उभारायची नाही. गाय, म्हैस, बैल यांचे वजन घोड्याएवढेच, बहुधा जास्तच. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत गायी-बैल मेले तेव्हा गावोगावी घाईघाईने खड्डे खणावे लागले. जिल्ह्याला एक दाहिनी असती, तर तो ताण काही प्रमाणात हलका झाला असता. खर्चाचा काही वाटा परवाना शुल्क आणि पर्यटकांकडून घेतला जाणारा प्रवासी कर यांतून उचलता येईल. घोड्याच्या पाठीवर बसून डोंगर पाहणाऱ्याने त्याच्या शेवटासाठी चार पैसे द्यावेत, यात मला काही गैर वाटत नाही. दहन की दफन हे मालकाच्या श्रद्धेवर सोडावे. ज्याला नाल, शेपटीचे केस किंवा मूठभर राख घरी न्यायची असेल, त्याला ती मिळावी. वर्षानुवर्षे ज्याच्या पाठीवर घर चालले, त्याच्याबद्दल एवढी ओढ असणे अगदी साहजिक आहे.

मृत्यूनंतरचे कागदही याच व्यवस्थेत यावेत. विम्याच्या दाव्यासाठी पशुवैद्यकाचा दाखला लागतो आणि देह घाईने हलवला तर दावा अडू शकतो. दुसरीकडे, उन्हाळ्यात देह दिवसभर ठेवताही येत नाही. तेव्हा खबर देण्यासाठी एकच क्रमांक असावा. त्यावरून पशुवैद्यक आणि वाहन दोन्ही निघावीत आणि दाखला त्याच दिवशी मालकाच्या हाती पडावा. रायगडपुरते बोलायचे तर दाहिनीसाठी कर्जत-नेरळ परिसर सोयीचा आहे. जिल्हा परिषद, पशुसंवर्धन विभाग आणि माथेरान गिरिस्थान नगरपरिषद यांनी येत्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी. ती होईपर्यंत निदान पुरण्यासाठी तपासून निवडलेली जागा पावसाळ्यापूर्वी जाहीर करावी.

आपला,
एक वाचक, नेरळ (जि. रायगड)