खोट्या पट्ट्याचा खरा हिशोब

शाळेत असताना डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड्स खेळलेल्या तमाम जनतेसाठी हा लेख. ज्यांनी नाही खेळले त्यांनी पण वाचा, फुकट आहे :)

तेव्हा केबलवर ती मारामारी लागली की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास म्हणायचं, "अरे ते सगळं खोटं असतं." आमच्याकडे हे खातं आजोबांकडे होतं. त्यांनी खासबागेत मातीतल्या कुस्त्या बघितलेल्या. त्यांच्या लेखी टीव्हीवरची ती नुरा कुस्ती, विषय संपला. मीही बरीच वर्षं तेच धरून बसलो होतो. पण गेले काही वीकेंड अमेरिकेतल्या मेंफिस शहराच्या टॅग टीम पट्ट्याचा इतिहास वाचण्यात गेले आणि आता माझं मत बदललंय. "खोटं आहे" हे बरोबरच आहे हो, पण तिथे थांबलं तर गंमतीचा भाग राहूनच जातो.

आधी थोडी पार्श्वभूमी. पूर्वी अमेरिकेत प्रो-रेसलिंगचे इलाखे होते. १९४८ साली प्रमोटर लोकांनी एकत्र येऊन एनडब्ल्यूए नावाची संघटना काढली. तू माझ्या इलाख्यात घुसायचं नाही, मी तुझ्या घुसणार नाही, असा सरळ मामला. एकेरीचा जगज्जेता सगळ्यांचा मिळून एक, तो गावोगाव फिरायचा. पण जोडीच्या म्हणजे टॅग टीमच्या पट्ट्याबद्दल काहीच ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे जो तो आपापल्या इलाख्यात जोडीचा पट्टा काढून मोकळा! एकाच वेळी अनेक "जगज्जेत्या" जोड्या. संघटनेचा एकच मध्यवर्ती टॅग पट्टा यायला थेट १९९२ साल उजाडलं. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच प्रोजेक्टच्या ढीगभर कॉप्या, आणि प्रत्येक जण म्हणतोय माझीच ओरिजिनल.

मेंफिसचा 'सदर्न टॅग टीम' पट्टा त्या मानाने प्रामाणिक, नावातच 'दक्षिणेचा' असं कबूल केलेलं. या इलाख्याची आठवड्याची फेरी ठरलेली असायची. सोमवारी मेंफिसचं मिड-साऊथ कोलिझियम, मंगळवारी लुईव्हिल, बुधवारी इव्हान्सव्हिल. शनिवारी सकाळी मेंफिसच्या चॅनल पाचवर दीड तासाचा लाईव्ह कार्यक्रम. निवेदक लान्स रसेल आणि त्याच्या जोडीला डेव्ह ब्राऊन, जो त्याच चॅनलवर हवामानही सांगायचा. शनिवारी टीव्हीवर भांडण लावायचं आणि सोमवारी तिकीट काढून निकाल बघायचा, असा तो धंदा.

आता इथे मेख आहे. तमाशाचा फड एका जत्रेत वग करून दुसऱ्या गावाला जातो. मेंफिसच्या प्रमोटरला ती सोय नाही, दर सोमवारी तेच शहर, बरेचसे तेच चेहरे. मग दर आठवड्याला नवीन काय दाखवणार? म्हणून तिथले पट्टे सारखे हात बदलायचे. त्यात जोडीचा पट्टा तर हुकमी पत्ता. जोडी म्हटलं की मैत्री आली, संशय आला, दगा आला, दिलजमाई आली. शहराचा लाडका जेरी लॉलर आणि बिल डंडी कधी एकमेकांच्या उरावर बसायचे, तर कधी जोडीदार म्हणून एकत्र लढायचे.

टॅगच्या कुस्तीची रचनाही बघा. दोन खलनायक मिळून एका नायकाला कोपऱ्यात धरून बडवतायत. जोडीदार दोराबाहेर हात लांब करून उभा. बोटं टेकणार तोच पहिल्याला मागे खेचतात. असं दोन-तीनदा होतं, पब्लिक वेडं होतं, आणि शेवटी हात लागतो! मार खाणं ही सुद्धा कला आहे हे रिकी मॉर्टननं दाखवून दिलं. त्याची आणि रॉबर्ट गिब्सनची 'रॉक अँड रोल एक्सप्रेस' १९८३ साली याच इलाख्यात जमली.

पण मुद्दा हा, की पट्टा कोणाला द्यायचा हे जरी प्रमोटर ठरवत असला, तरी तो मोकळा नव्हता. लोकांना पटलं नाही तर पुढच्या सोमवारी खुर्च्या रिकाम्या. याचं उदाहरण घरातलंच आहे. हा इलाखा मूळचा निक गुलास आणि रॉय वेल्च यांचा. गुलासनं आपल्या पोराला, जॉर्जला, लायकीपेक्षा वर चढवायला सुरुवात केली. (ओळखीचं वाटतंय ना?) या आणि अशा कारणांवरून मेंफिसची बाजू सांभाळणारा जेरी जॅरेट १९७७ साली वेगळा झाला. लॉलर जॅरेटबरोबर गेला, शहरही गेलं. गुलासचा कारभार तीन-चार वर्षांत आटोपला. जॅरेटनं मिनिआपोलिसच्या एडब्ल्यूएशी संधान बांधलं, आणि पट्ट्याच्या नावातलं 'एनडब्ल्यूए' जाऊन 'एडब्ल्यूए' आलं. लोकांना त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. पट्टा आपल्या गावाचा आहे ना, बास.

१५ जून १९७९ ला मिसिसिपीतल्या टुपेलोला लॉलर आणि डंडी हा पट्टा 'ब्लाँड बॉम्बर्स' जोडीकडे हरले. आणि मग भांडण रिंगमधून निघालं ते थेट खाण्यापिण्याच्या स्टॉलवर पोचलं. मोहरीच्या सॉसच्या बरण्या, सामान, जे हाताला लागेल ते. टेबल-खुर्च्यांची जी 'हार्डकोर' मारामारी आपण नंतर टीव्हीवर बघितली, तिचं मूळ बरेच जण इथे दाखवतात. त्या बॉम्बर्समधला वेन फॅरिस म्हणजे पुढचा हाँकी टाँक मॅन! गिटार डोक्यात घालणारा, तोच.

पुढे केबल देशभर पसरली आणि व्हिन्स मॅकमॅननं सगळे इलाखे ओलांडले. १९८९ साली तर त्याच्या कंपनीनं न्यू जर्सीत अधिकृतपणे सांगून टाकलं की हा खेळ नाही, करमणूक आहे, म्हणजे क्रीडा आयोगाच्या कचाट्यातून सुटका. सदर्न पट्टा ऐंशीचं दशक संपता संपता गेला. त्याच्या जागी यूएसडब्ल्यूएचा पट्टा आला आणि १९९७ साली ती कंपनीच बंद पडली. त्याआधी १९९६ साली फ्लेक्स कवाना नावाचा एक पोरगा तिथे शिकायला आला आणि बार्ट सॉयरबरोबर जोडीचा पट्टा दोनदा जिंकून गेला. या फ्लेक्सला आपण द रॉक म्हणून ओळखतो.

आता कोणी म्हणेल, एवढं कौतुक करतोयस, पण त्या पैलवानांचं काय? बरोबर आहे. मोडलेली हाडं खरी होती, आणि मेंफिस कमी पैसे देण्यासाठी बदनाम होतं. एका रात्रीचे चाळीस डॉलर मिळायचे हे रॉकनंच सांगितलंय. इलाख्यात प्रमोटर म्हणजे राजा, पटत नसेल तर गाव सोड. तेव्हा जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मला खरंच महत्त्वाची वाटते. तिथे निर्णय घेणारा आणि निर्णय भोगणारा एकाच गावात राहायचे. लोकांना निकाल ठरलेला असतो याचा अंदाज असणारच, एवढे काही ते खुळे नव्हते. त्यांची अपेक्षा इतकीच, की ठरवणाऱ्यानं आम्हाला गृहीत धरू नये. हा हिशोब दर सोमवारी तिकीट खिडकीवर चुकता व्हायचा. आज जगभर दिसणाऱ्या कार्यक्रमात एका शहराच्या नाराजीनं कोणाचं काय अडतंय? आमच्या धंद्यातही तेच. दहा ग्राहक असताना प्रत्येकाचा फोन घेतो, दहा लाख झाले की ते आलेखातली रेघ होतात.

आजोबा असते तर हे सगळं ऐकून म्हणाले असते, "तरी पण नुराच की रे." म्हणू देत. निकाल ठरवून केलेला, पण लोकांचा शब्द पाळलेला, याला नुसतं खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

असो. उद्या सोमवार.. आमच्या कोलिझियममध्ये साडेनऊची मीटिंग आहे :)